अर्धशिशी, नैराश्य आणि 'तिचा स्वभावच तसा'

माझी आत्या कोरेगावला असते. माझ्या लहानपणी महिन्यातून दोन-तीनदा तरी ती भर दुपारी माजघराचं दार लोटून घ्यायची. जुन्या पातळाची पट्टी कपाळाभोवती इतकी करकचून बांधायची, की संध्याकाळी सोडल्यावर कातडीवर वळ दिसायचा. सहाणेवर उगाळलेल्या सुंठीचा लेप सुकून भुवयांवर भेगाळलेला असायचा. बाहेर ताटली जरी पडली तरी आतून एकच शब्द यायचा, "हळू." आणि ओट्यावर बसलेली माणसं एकमेकांना सांगायची, "तिचा स्वभावच तसा. सगळं मनाला लावून घेती, मग डोस्कं धरून बसती."

या एका वाक्यात तीन गोष्टी आल्या: स्वभाव, मन आणि डोकं. या तिघांचं आपसांत काय नातं आहे, हा प्रश्न डॉक्टरांना निदान ८०-९० वर्षं छळतो आहे. त्यांना जे सापडलं ते ओट्यावरच्या निकालापेक्षा बरंच वेगळं आहे. साताऱ्या-सांगलीच्या घराघरांत हा निकाल आजही ऐकू येतो, म्हणून हे सविस्तर सांगावंसं वाटलं.

## आधी अर्धशिशी म्हणजे काय

आपल्याकडे हिला अर्धशिशी म्हणतात, आयुर्वेदात अर्धावभेदक. जुन्या ग्रीक वैद्यांनी दिलेल्या नावाचा अर्थही 'अर्धं डोकं' असाच होता. त्या नावाची झीज होत होत आजचा 'मायग्रेन' हा शब्द झाला. वेगवेगळ्या मुलखांतल्या वैद्यांना एकच खूण दिसली, कारण दुखणं एकच होतं.

साधं डोकं दुखणं आणि अर्धशिशी यांत फरक आहे. अर्धशिशीचा ठणका बहुधा एका बाजूला असतो आणि नाडीबरोबर उडतो. जिना चढलं, वाकून केर काढला की वाढतो. मळमळतं, उलटी होते. उजेड, आवाज, वास सहन होत नाही. औषध घेतलं नाही तर हे ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत चालू शकतं. जगात साधारण दर सात माणसांत एकाला हा त्रास आहे. आपल्या शेजारच्या कर्नाटकात बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतल्या डॉक्टरांनी घरोघरी जाऊन पाहणी केली, तेव्हा वर्षभरात अर्धशिशी झालेली प्रौढ माणसं चारात एक निघाली.

उलटी होते म्हणून आपण म्हणतो, 'पित्ताचं डोकं आहे.' खरं तर उलटा क्रम आहे. झटका मेंदूत सुरू होतो आणि त्याच्या ओढीनं पोटाचं काम मंदावतं. पित्त हे झटक्याचं एक लक्षण आहे, कारण नाही. पोट मंदावल्यामुळे उशिरा घेतलेली गोळी नीट लागूही पडत नाही. 'अगदी असह्य झाल्यावरच घेईन' म्हणणाऱ्या बाईला गोळीचा गुण का येत नाही, ते यातून कळतं.

आत काय घडतं? चेहऱ्याची आणि डोक्याची संवेदना वाहून नेणारी एक मोठी नस आहे. झटक्यात तिची टोकं सीजीआरपी नावाचं एक रसायन सोडतात. त्यामुळे मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि नस आणखी हुळहुळी होते. हे रसायन शोधून त्यावर उपचार उभे करणाऱ्या चार शास्त्रज्ञांना २०२१ साली मेंदूविज्ञानातला 'ब्रेन प्राइझ' हा मोठा पुरस्कार मिळाला. अर्धशिशी 'मनाची' नाही, तिला पकडता येईल असं शरीर आहे, हे यातून पक्कं झालं.

शेतावरच्या मोटारीचा स्टार्टर डोळ्यांपुढे आणा. व्होल्टेज खालीवर झालं की तो पडतो. एखाद्या स्टार्टरचा रिले इतका नाजूक बसवलेला असतो, की शेजारच्या सगळ्या मोटारी चालू असताना आपलीच सारखी बंद पडते. मोटार जळलेली नसते. अर्धशिशीचा मेंदू असाच असतो. तासगावकडे बेदाण्याच्या शेडमध्ये निवडायला बसलेली बाई बघा. गंधकाच्या धुरीचा वास, डोळ्यांवर येणारा ट्यूबचा उजेड, सकाळपासून पोटात फक्त चहा. तिच्या शेजारणीला यातलं काहीच जाणवत नाही. हिचा रिले दुपारी दोनला पडतो. शेजारीण सोशिक आणि ही नाजूक, असा याचा अर्थ लावायचा नाही.

## चिडली म्हणून दुखलं, की दुखणार होतं म्हणून चिडली?

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा थांबून सांगते.

अर्धशिशीचा झटका ठणक्यानं सुरू होत नाही. त्याच्या काही तास आधी, कधी दोन दिवस आधीही, मेंदूत हालचाल सुरू झालेली असते. जांभया येतात, मान आखडते, गोड किंवा तळलेलं खावंसं वाटतं, सारखी लघवीला होते. आणि मन बिघडतं. उगाच चिडचिड होते, रडू येतं, कशात लक्ष लागत नाही.

२०१६ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये डॉक्टरांनी अर्धशिशीच्या एका रुग्णाच्या मेंदूचं सलग ३० दिवस रोज स्कॅनिंग केलं. ठणका लागण्याच्या आदल्या दिवशीच मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागाचं काम बदललेलं दिसलं. झोप, भूक, तहान आणि भावना यांची नाडी हाच भाग सांभाळतो. एकाच माणसावरचा प्रयोग म्हणून त्याला मर्यादा आहे. पण रुग्ण पूर्वीपासून जे सांगत होते त्याच्याशी तो जुळतो.

आता घरात काय दिसतं ते बघा. सोमवारी सकाळी सून डब्यावरून करवादली. सोमवारी दुपारी तिचं डोकं उठलं. घर म्हणणार, 'चिडली, म्हणून डोकं उठलं.' पण चिडचिड ही त्या झटक्याची पहिली पायरी असू शकते. आभाळ भरून आलं आणि मग पाऊस पडला, म्हणून आभाळानं मुद्दाम पाऊस आणला असं कोणी म्हणत नाही. दोन्ही एकाच हवेचे भाग आहेत. तसंच खाण्याचं. भजी खाल्ली म्हणून डोकं दुखलं, की झटका सुरू झालेला होता म्हणून भजी खावीशी वाटली, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

वर्षानुवर्षं महिन्यातून तीन-चारदा हा गैरसमज झाला की त्याचा 'स्वभाव' होतो. आत्याचा तसाच झाला.

## 'अर्धशिशीचा स्वभाव' कुठून आला

आपल्या ओट्यावरच्या माणसांनाच दोष द्यायला नको, कारण हाच निकाल मोठमोठ्या डॉक्टरांनीही दिला होता. १९३७ साली न्यूयॉर्कचे डॉ. हॅरॉल्ड वुल्फ यांनी लिहिलं, की अर्धशिशीच्या लोकांचा स्वभाव एका साच्याचा असतो: महत्त्वाकांक्षी, टापटिपीचे, हट्टी, चूक सहन न होणारे, राग आतल्या आत गिळणारे. वुल्फ साधे नव्हते. अर्धशिशीत रक्तवाहिन्यांचं काय होतं यावर त्यांनी पायाभूत काम केलं. त्यामुळे त्यांचं हे मतही पुढे कित्येक वर्षं टिकलं.

चूक कुठे झाली? त्यांनी बघितले ते आपण होऊन मोठ्या रुग्णालयात आलेले लोक. चिकाटीचे, नेटके, दुखण्याचा छडा लावायचाच असं ठरवलेले लोक तिथवर पोचतात. घरीच पट्टी बांधून पडलेली बाई त्यांच्या वहीत आलीच नाही. निर्यातीच्या पेटीतली द्राक्षं बघून 'सांगलीच्या बागेतला प्रत्येक मणी असाच टपोरा' म्हणण्यासारखं ते झालं. पुढे सगळ्या तऱ्हेच्या लोकांमध्ये पाहण्या झाल्या, तेव्हा अर्धशिशीचा असा एकच ठराविक स्वभाव सापडला नाही.

## मग स्वभावाचा काहीच संबंध नाही?

आहे, आणि तो लपवू नये.

स्वभावाच्या मोजपट्ट्यांमध्ये एक गुण असतो, त्याला मानसशास्त्रात न्यूरॉटिसिझम म्हणतात. आपण त्याला 'हळवेपणा' म्हणू: काळजी लवकर लागणं, मनाला घोर लवकर पडणं, तो उशिरा उतरणं. अर्धशिशी असलेल्यांत, विशेषतः बायकांत, हा गुण सरासरीनं थोडा जास्त आढळतो. हे अनेक पाहण्यांत दिसलं आहे. नैराश्यातही हाच गुण जास्त आढळतो. म्हणजे तिन्ही गोष्टी एकत्र सापडतात, हे खरं.

पण एकत्र सापडणं म्हणजे एकातून दुसरं होणं नव्हे.

पहिली गोष्ट, हळवेपणा मोजतात प्रश्न विचारून. पटकन थकता का? काळजी वाटते का? पुढचा झटका कधी येईल हे माहीत नसलेल्या बाईला काळजी वाटणारच. भाचीचं लग्न आहे, त्या दिवशी डोकं उठलं तर काय, या भीतीनं ती आठ दिवस आधीपासून धास्तावलेली असते. तिच्या उत्तरात स्वभाव किती आणि दुखणं किती, हे वेगळं काढणं अवघड असतं.

दुसरी गोष्ट, मूळ एकच असू शकतं. जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून दिसतं, की अर्धशिशीत साधारण निम्मा वाटा वारशाचा आहे. नैराश्याचाही बराच वाटा वारशानं येतो, आणि दोन्हींतली काही जनुकं सामाईक आहेत. आईची अर्धशिशी, मावशीची उदासी आणि मुलीचा हळवेपणा या एकाच मुळाच्या तीन फांद्या असू शकतात.

आणि सरासरी म्हणजे माणूस नव्हे. अर्धशिशी असलेल्या कितीतरी बायका बिनधास्त, हसऱ्या असतात. अतिशय हळव्या असलेल्या कितीतरींचं डोकं आयुष्यात कधी दुखलेलं नसतं.

## सामाईक भिंत

नैराश्य म्हणजे एखाद्या दिवशी वाईट वाटणं नव्हे. निदान दोन आठवडे, बहुतेक दिवस, बहुतेक वेळ मन खचलेलं राहतं किंवा कशातच रस वाटत नाही. जोडीला झोप, भूक, उत्साह, लक्ष बिघडतं, आपण कुचकामी आहोत असं वाटतं. तेव्हा डॉक्टर त्याला आजार म्हणतात.

साताऱ्याच्या पेठांतल्या जुन्या वाड्यांत दोन बिऱ्हाडांमध्ये एकच भिंत असायची. एकाच्या मोरीतून पाणी मुरलं की दुसऱ्याच्या देवघरात ओल यायची. अर्धशिशी आणि नैराश्य यांच्यात अशी सामाईक भिंत आहे.

अमेरिकेतल्या डेट्रॉइट भागात नाओमी ब्रेस्लाउ या संशोधिकेनं २१ ते ३० वयाच्या सुमारे एक हजार तरुण-तरुणींचा काही वर्षं मागोवा घेतला. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसलं, की आधी अर्धशिशी असलेल्यांना पुढे नैराश्य येण्याचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट होता. आणि आधी नैराश्य असलेल्यांना पुढे अर्धशिशी होण्याचा धोकाही सुमारे तिप्पटच. पुढच्या अभ्यासात त्यांनी दुसऱ्या प्रकारच्या जोरदार डोकेदुख्याही तपासल्या. त्यांत नैराश्यातून डोकेदुखीकडे जाणारी वाट तशी दिसली नाही. 'दुखून दुखून माणूस खचणारच' एवढंच कारण असतं, तर दोन्हीकडे सारखं चित्र दिसलं असतं. अमेरिकेतच सुमारे ३६ हजार स्त्रियांवर जवळजवळ १४ वर्षं चाललेल्या दुसऱ्या एका अभ्यासात अर्धशिशीच्या स्त्रियांत नवं नैराश्य येण्याचं प्रमाण जवळजवळ दीडपट निघालं. आकडा कमी-जास्त होतो, कारण वय आणि मोजायची पद्धत वेगळी असते. दिशा तीच राहते.

भिंतीत आहे काय? मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन वेदना आणि मनःस्थिती या दोन्हींत गुंतलेलं आहे. ताणाला उत्तर देणारी शरीराची यंत्रणा दोन्हीकडे जास्त काळ पेटलेली राहते. झोप मोडली की दोन्ही बिघडतात.

इंटरनेटवर वाचणाऱ्या बायकांसाठी एक खुलासा. काहींना ठणक्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेघा दिसतात, त्याला ऑरा म्हणतात. मेंदूच्या पृष्ठभागावरून मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर वेगानं सरकणाऱ्या एका लाटेमुळे हे होतं, असं मानतात. ब्राझीलचे आरिस्तिदेस लेआंव यांनी ती लाट १९४४ साली दाखवली. तिच्या शास्त्रीय नावात 'डिप्रेशन' हा शब्द येतो, पण तिथे त्याचा अर्थ पेशींचं काम थोडा वेळ मंदावणं एवढाच आहे. तो वाचून घाबरू नका.

## "पण बायकाच फार विचार करतात ना?"

हा आक्षेप मी पुरुषांकडून ऐकला आहे, तितकाच सासूबाईंकडूनही. त्याला उत्तर वयाच्या हिशोबात आहे. लहानपणी मुलगे आणि मुली यांत अर्धशिशी जवळजवळ सारखी असते. पाळी सुरू होण्याच्या वयापासून मुलींचं प्रमाण वाढत जातं आणि पुढे पुरुषांच्या दोन-तीन पट होतं. नैराश्यातही मुली साधारण त्याच वयापासून पुढे जाऊन दुपटीच्या आसपास पोचतात. पुष्कळजणींची अर्धशिशी गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यानंतर कमी होते, पाळी जाण्याच्या काळात भडकते आणि पाळी थांबल्यावर बऱ्याचदा निवते. स्वभाव असा पाळीच्या तारखा बघून येत-जात नाही.

यामागे आहे इस्ट्रोजेन हे संप्रेरक. त्याची पातळी नुसती जास्त किंवा कमी असल्यानं फारसं बिघडत नाही, ती झपाट्यानं उतरली की बिघडतं. कृष्णाकाठच्या माणसाला हे पटकन कळेल. आयर्विन पुलाशी पाणी चढत असतं तेव्हा सगळे फूट मोजत बसतात, पण काठ पुष्कळदा ढासळतो तो पूर भराभर ओसरताना, भिजलेल्या मातीला पाण्याचा आधार सुटतो तेव्हा. पाळीच्या आधी इस्ट्रोजेन असंच ओसरतं. म्हणून पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत पुष्कळजणींना हमखास झटका येतो.

इस्ट्रोजेन सगळं सांगत नाही, हेही मान्य करते. सगळ्यांचं जेवण झाल्यावर तीन वाजता जेवणारी, पहाटे पाचला उठून रात्री अकराला पाठ टेकणारी, हरतालिकेला पाणीसुद्धा न घेणारी बाई स्टार्टर पडण्याची सगळी कारणं एका दिवसात गोळा करते. हा तिचा स्वभाव नव्हे, घरातल्या कामाची वाटणी आहे. ती बदलता येते.

## "डॉक्टरांनी मला डिप्रेशनची गोळी दिली"

हे वाक्य मी किती जणींकडून ऐकलं! डोकेदुखीसाठी गेली, चिठ्ठीवर अ‍ॅमिट्रिप्टिलिन आलं, मुलानं मोबाइलवर बघितलं आणि सांगितलं, "आई, ही तर डिप्रेशनची गोळी." तिला वाटलं, डॉक्टरांनी आपल्याला वेडं ठरवलं. गोळी डब्यातच राहिली.

ही गोळी अर्धशिशीचे झटके कमी करते हे सिद्ध झालेलं आहे, नैराश्य नसलेल्यांतसुद्धा. अर्धशिशीसाठी बहुधा १०-२५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात. नैराश्याला लागतो तो डोस याहून बराच मोठा असतो. गुण यायला काही आठवडे लागतात, चार दिवसांत नाही.

उलट बाजूही आहे, आणि तिच्यासाठीच डॉक्टरांना मनाचं खरं सांगायला हवं. फ्लुनारिझिन हे आपल्याकडे भरपूर वापरलं जाणारं औषध काहींमध्ये नैराश्य आणू शकतं किंवा असलेलं वाढवू शकतं. टोपिरामेटनंही काहींचं मन खालावतं. दोन्ही औषधं उपयोगी आहेत, पण पूर्वी कधी नैराश्य आलं असेल तर डॉक्टर दुसरं निवडतील. मूल होण्याच्या वयात व्हॅल्प्रोएट हे अर्धशिशीवरचं आणखी एक औषध शक्यतो टाळतात, कारण त्यानं गर्भाला इजा होते. ऑरा येत असेल तर माला-एन, माला-डी यांसारख्या इस्ट्रोजेनवाल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत, पक्षाघाताचा धोका वाढतो. आशाताईंकडून पाकीट घेताना हे बोलायला हवं. आणि चालू असलेली गोळी वाचून घाबरून स्वतःहून बंद करू नये.

एक सापळा फार मोठा आहे. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं, तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. मग त्यावर आणखी गोळी. रोजच डोकं दुखतं म्हणणाऱ्या पुष्कळजणी यात अडकलेल्या असतात, आणि याच बायकांत नैराश्यही जास्त दिसतं.

## दवाखान्यात जाण्याआधी

भिंतीवरचं कालनिर्णय घ्या. ज्या दिवशी डोकं दुखलं त्या तारखेवर टिंब, गोळी घेतली तर टिंबाभोवती गोल, पाळीच्या दिवसांवर रेघ. मन फार खचलेलं असेल त्या दिवशी फुली. दुधाच्या हिशोबाइतकंच सोपं आहे. तीन महिन्यांची ही पानं फाडून डॉक्टरांपुढे ठेवली, की गोळ्यांचे दिवस, पाळीशी असलेला संबंध, उदासी झटक्यापुरती आहे की झटके नसतानाही टिकते, हे सगळं एका नजरेत दिसतं. शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. झोप, भूक, थकवा ही लक्षणं अर्धशिशी आणि नैराश्य दोन्हींत असल्यानं नुसत्या प्रश्नावलीवर फसगत होते. डोकं शांत असलेल्या दिवशीही मन उठत नसेल, तर नैराश्याचा वेगळा उपचार हवा. त्यासाठी बोलून करायचे उपचारही आहेत, आणि काहींचे झटकेही त्यानं कमी होऊ शकतात.

जगणंच नको वाटत असेल तर कालनिर्णय भरत बसू नका. घरात कुणाला तरी सांगा आणि सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. अचानक, आयुष्यातलं सगळ्यात जोरदार डोकं दुखलं, ताप येऊन मान ताठली, हात-पाय किंवा बोलणं लुळं पडलं, गरोदरपणात नवी डोकेदुखी आली किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झाली, तर ती अर्धशिशी समजू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आत्याची पाळी थांबून आता वीस वर्षं होतील. झटके गेले. अधूनमधून ती अजून दुपारी माजघरात जाऊन पडते, पण दार उघडं असतं. मागच्या दिवाळीत मी तिला हे सगळं सांगितलं. झटक्याआधीची चिडचिड हा झटक्याचाच भाग असतो, हे ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे तुझ्या मामांना सांगायला पायजे होतं गं." मामा म्हणजे तिचे यजमान. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.